तापमानाचा पहारेकरी : थर्मोस्टॅट



रविवारची संध्याकाळ आहे. उद्याच्या शाळेसाठी तुम्ही गणवेशाला इस्त्री करीत आहात. इस्त्रीच्या मुठीजवळचा छोटा दिवा पेटलेला आहे. थोड्या वेळाने 'टक्' असा बारीक आवाज होतो आणि दिवा विझतो. वीज गेली म्हणावे, तर डोक्यावरचा पंखा फिरतोच आहे. बटणाला तर कोणी हात लावलेला नाही. तुम्ही शर्टाची पाठ पुरी करता, तोच पुन्हा 'टक्' होते आणि दिवा पेटतो. इस्त्री चालू असेपर्यंत हा खेळ असाच चाललेला असतो.

इस्त्रीचे बटण असे परस्पर बंद-चालू कोण करतो बरे? इस्त्रीच्या पोटात बसलेला एक छोटा पहारेकरी हे काम करतो. त्याचे नाव थर्मोस्टॅट. मराठीत त्याला तापनियंत्रक म्हणतात. आज आपण त्याची ओळख करून घेऊ. तो काय करतो हे तर पाहूच, पण तो काय करीत नाही हेही नीट समजून घेऊ. कारण घरातले कितीतरी गैरसमज आणि काही अपघातदेखील हे न समजल्यामुळे होतात.

पहारेकऱ्याची तीन कामे

कोळशाची इस्त्री तुम्ही कधी पाहिली आहे का? तिच्यात थर्मोस्टॅट नसतो. मग कपडे जळत कसे नाहीत? इस्त्रीवाले काका इस्त्रीच्या तळावर पाण्याचे दोन थेंब शिंपडतात. 'चर्र' आवाज कसा येतो, त्यावरून ती किती तापली हे त्यांना कळते. रेशमी कापडासाठी ती फार तापली असेल तर ते थोडे थांबतात. सुती कापडासाठी ती थंड वाटली तर निखाऱ्यांना वारा घालतात.

काकांनी येथे तीन गोष्टी केल्या. पहिली, इस्त्री किती तापली आहे ते अजमावले. दुसरी, ती किती तापायला हवी याच्याशी तुलना केली. तिसरी, त्याप्रमाणे उष्णता वाढवली किंवा थांबवली. कोणताही थर्मोस्टॅट याच तीन गोष्टी करतो. उष्णता तो स्वतः निर्माण करीत नाही. ते काम विजेच्या तारेचे, म्हणजे तापकाचे. थर्मोस्टॅट फक्त दार उघडतो आणि लावतो.

पण धातूच्या तुकड्याला 'कळते' तरी कसे?

दोन धातूंची जोडगोळी

उष्णतेने धातू प्रसरण पावतात आणि थंड होताना आकुंचन पावतात, हे तुम्ही शिकला आहात. मात्र सगळे धातू सारखे प्रसरण पावत नाहीत. पितळेचा एकरेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१९ आहे. याउलट, इन्व्हार नावाच्या मिश्रधातूचा तो केवळ ०.०००००१२ च्या आसपास असतो. इन्व्हार म्हणजे सुमारे ६४ टक्के लोखंड आणि ३६ टक्के निकेल. शार्ल गीयोम या शास्त्रज्ञाने १८९६ साली त्याचा शोध लावला. निकेल आणि पोलाद यांच्या मिश्रधातूंवरील कामाबद्दल त्याला १९२० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता थोडे गणित करू. पितळेची १० सेंटिमीटर लांबीची पट्टी घ्या आणि तिचे तापमान १०० अंशांनी वाढवा. तिची लांबी किती वाढेल?

१०० मिमी × ०.००००१९ × १०० = ०.१९ मिमी

तेवढीच इन्व्हारची पट्टी मात्र फक्त ०.०१२ मिमी वाढेल. दोहोंतील फरक झाला जेमतेम ०.१८ मिमी. एवढ्याशा फरकाने कसले बटण दाबले जाणार?

खरी युक्ती पुढेच आहे. या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून अशा घट्ट जोडून टाका की त्यांना घसरता येणार नाही. आता तापवल्यावर पितळेला लांब व्हायचे आहे, पण इन्व्हार तिला होऊ देत नाही. दोघींना एकत्र राहायचे तर एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वाकणे. वळणावर बाहेरच्या कडेने धावणाऱ्याला जास्त अंतर पडते, हे तुम्हाला मैदानावर ठाऊक आहे. त्याचप्रमाणे जास्त लांब झालेली पितळ वळणाच्या बाहेरच्या बाजूला राहते आणि इन्व्हार आतल्या बाजूला. या जोडपट्टीला द्विधातू पट्टी म्हणतात.

ती वाकते तरी किती? दोन्ही पट्ट्या अर्धा-अर्धा मिलिमीटर जाड असतील आणि एक टोक घट्ट बसवलेले असेल, तर दुसरे टोक सुमारे १३ मिलिमीटर सरकते! ०.१८ मिलिमीटरचा फरक, पण हालचाल त्याच्या सत्तरपट. एवढी हालचाल बटण उघडायला भरपूर झाली.

इस्त्रीच्या पोटात

इस्त्रीच्या तळाला अशी एक द्विधातू पट्टी लागून असते. विजेचा प्रवाह दोन छोट्या संपर्कबिंदूंतून तापकाकडे जातो. तळ तापला की पट्टी वाकते, ठरावीक मर्यादेपलीकडे वाकली की संपर्कबिंदूंना एकमेकांपासून दूर करते, आणि प्रवाह खंडित होतो. तळ थोडा निवला की पट्टी सरळ होऊ लागते, बिंदू पुन्हा टेकतात आणि प्रवाह सुरू होतो.

मग वरची गोल चकती कशासाठी? ती फिरवली की आतला एक स्क्रू पुढे-मागे होतो. स्क्रूमुळे संपर्कबिंदू एकमेकांवर कमी-जास्त दाबले जातात. जितका दाब जास्त, तितके पट्टीला बिंदू सोडवण्यासाठी अधिक वाकावे लागते, म्हणजेच इस्त्री अधिक तापावी लागते. कपड्यांच्या पट्टीवर इस्त्रीचे छोटे चित्र आणि त्यात ठिपके छापलेले असतात. एक ठिपका म्हणजे तळाचे तापमान ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २०० अंशांपर्यंत. नायलॉनला एक ठिपका, लोकरीला दोन, सुती कापडाला तीन.

'टक्' आवाज का होतो?

समजा, तुम्ही १५० अंश ठरवले. तर मग थर्मोस्टॅट तापमान अगदी १५० वरच धरून ठेवतो का? नाही. १५० च्या किंचित वर बंद आणि किंचित खाली चालू, असे तो करू लागला, तर बटण सारखे फडफडत राहील. दर वेळी संपर्कबिंदूंमध्ये ठिणगी पडते. अशा हजारो ठिणग्यांनी बिंदू जळून जातील.

म्हणून थर्मोस्टॅटला मुद्दाम दोन मर्यादा दिलेल्या असतात. वरच्या मर्यादेला तो प्रवाह तोडतो आणि खालच्या मर्यादेला जोडतो. मधल्या पट्ट्यात तो स्वस्थ बसतो. शिवाय बिंदू हळूहळू दूर न होता झटक्यासरशी दूर व्हावेत, अशीही योजना केलेली असते. जत्रेत मिळणारा पत्र्याचा बेडूक आठवतो ना? पोटाचा पत्रा दाबत गेले की एका क्षणी तो 'टक्' करून उलटा होतो. अनेक थर्मोस्टॅटांत अशीच फुगीर द्विधातू चकती किंवा ताणलेली स्प्रिंग असते. इस्त्रीचा 'टक्' तो हाच.

म्हणजे थर्मोस्टॅट तापमान स्थिर ठेवतो असे आपण म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात तो त्याला दोन कुंपणांच्या मध्ये हिंडू देतो.

थोडा इतिहास

ही कल्पना विजेपेक्षाही जुनी आहे. कोर्नेलिस ड्रेबेल हा डच संशोधक सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये राहत होता. त्याने अंडी उबवण्यासाठी एक पेटी बनवली होती. पेटी तापली की बंदिस्त नळीतील अल्कोहोल प्रसरण पावून पाऱ्याला ढकली. पाऱ्यावर तरंगणारी दांडी वर उचलली जाई आणि भट्टीची हवा आत येण्याची वाट बंद करी. हवा कमी, म्हणून आग कमी. पेटी निवली की वाट पुन्हा उघडे. विजेचे बटण नसतानाही तीन कामे पुरी झाली!

द्विधातू पट्टीचे श्रेय जॉन हॅरिसन या घड्याळजीला जाते. अठराव्या शतकाच्या मध्यास, समुद्रावर उष्ण-थंड हवेत घड्याळ पुढे-मागे होऊ नये म्हणून त्याने ती वापरली. 'थर्मोस्टॅट' हा शब्द अँड्र्यू युअर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० साली आपल्या पेटंटात वापरला. गिरण्यांमधील तापमान आवरण्यासाठी त्याला द्विधातू पट्टी हवी होती.

यानंतरची गोष्ट एका शिक्षकाची आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात हिवाळा कडाक्याचा असतो. तेथे व्हाइटवॉटर गावच्या अध्यापक विद्यालयात वॉरेन जॉन्सन शिकवीत असत. वर्ग किती गार पडला आहे हे पाहण्यासाठी शिपाई वर्गावर्गात डोकावे आणि मग तळघरातील भट्टीपाशी निरोप जाई. शिकवण्यात खंड पडे, आणि निरोप जाईपर्यंत मुले कुडकुडत. जॉन्सन यांनी वर्गाच्या भिंतीवर एक विजेचा थर्मोस्टॅट लावला. वर्ग ठरावीक मर्यादेखाली गार झाला की तळघरात घंटा वाजे. त्यांना १८८३ साली याचे पेटंट मिळाले. पहा, हा थर्मोस्टॅट अजून भट्टीला हात लावीत नव्हता, फक्त बातमी पोहोचवीत होता. पण खरे महत्त्व या बातमीलाच आहे. परिणाम काय झाला ही बातमी पुन्हा कारणाकडे पोहोचवणे, याला प्रत्याभरण म्हणतात. सर्व स्वयंचलित यंत्रांचा पाया तोच आहे.

रूपे अनेक, तत्त्व एकच

जुन्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये एक बारीक बंद नळी बर्फाच्या कप्प्याला लावलेली असते. नळीतील वायू उष्ण झाला की त्याचा दाब वाढतो, टोकाचा भाता फुगतो आणि यंत्र चालू होते. येथे काम इस्त्रीच्या उलट आहे. इस्त्रीत तापमान वाढले की प्रवाह बंद होतो, तर फ्रिजमध्ये तापमान वाढले की तो सुरू होतो.

पाणी तापवण्याच्या काही गिझरांत पितळेची नळी आणि तिच्या आत इन्व्हारची कांडी असते. नळी लांबते, कांडी लांबत नाही आणि त्या फरकाने बटण उघडते.

मोटारीच्या इंजिनात तर वीज लागतच नाही. तेथे एका डबीत खास प्रकारचे मेण भरलेले असते. इंजिन थंड असताना झडप बंद असते आणि पाणी रेडिएटरकडे जात नाही, त्यामुळे इंजिन लवकर तापते. पाणी साधारणपणे ८० ते ९० अंशांपर्यंत तापले की मेण वितळून प्रसरण पावते, दट्ट्या ढकलते आणि झडप उघडते. 'आपल्याकडे हवा गरमच, मग थर्मोस्टॅट कशाला?' असे म्हणून काही जण तो काढून टाकतात. मग इंजिन दीर्घकाळ हवे त्यापेक्षा थंड राहते, इंधन जास्त जळते आणि झीजही वाढते.

अलीकडच्या उपकरणांत द्विधातू पट्टीची जागा बहुधा थर्मिस्टर घेतो. तापमान वाढले की नेहमीच्या थर्मिस्टरचा विद्युत रोध कमी होतो आणि इलेक्ट्रॉनिक मंडल त्यावरून निर्णय घेते. 'टक्' आवाज कधी असतो, कधी नसतो. तीन कामे मात्र तीच.

लस आणि खालची मर्यादा

वरची मर्यादा ओलांडली तर नुकसान होते, हे सहज पटते. पण खालचीही तितकीच महत्त्वाची असू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसी २ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवतात. उष्णतेने लस निकामी होते हे खरे. परंतु धनुर्वात, हिपॅटायटिस-बी यांसारख्या लसी गोठल्या तरीही निकामी होतात. वितळल्यावर त्या द्रवच दिसतात, पण त्यांचे रक्षण करण्याचे सामर्थ्य गेलेले असते. 'जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित' असे समजून कोणी चकती फिरवली, तर बाळाला सुई टोचली जाईल, पण त्याचे रक्षण होईलच असे नाही. म्हणून तेथे थर्मोस्टॅटवर सर्वस्वी विसंबत नाहीत. आत तापमापक ठेवून रोज सकाळ-संध्याकाळ त्याची नोंद करतात.

तापात थंडी का वाजते?

एक पहारेकरी तुमच्याही शरीरात आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखतो. उकडले की घाम येतो, गारठले की अंग शहारते. तो इस्त्रीसारखा केवळ बंद-चालू करीत नाही, हळूहळू कमी-जास्त करतो, एवढाच फरक.

रोगजंतूंचा शिरकाव झाला की ही आतली 'चकती' वर सरकते. समजा, ती ३९ वर गेली. तुमचे शरीर मात्र अजून ३७ वरच आहे. पहारेकऱ्याच्या दृष्टीने ते दोन अंशांनी थंड झाले! म्हणून कातडीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो, दात वाजू लागतात आणि तुम्ही गोधडी मागता. पुढे चकती मूळ जागी आली की तेच शरीर 'फार गरम' ठरते आणि दरदरून घाम सुटतो. 'घाम आला, आता ताप उतरेल,' असे आजी म्हणते, त्याचे कारण हेच. पॅरासिटामॉलची गोळी ही चकती खाली आणते.

चकती जोरात फिरवली तर?

घाई असली की आपण इस्त्रीची चकती शेवटपर्यंत फिरवतो. इस्त्री त्यामुळे लवकर तापते का? मुळीच नाही. ७५० वॅटची इस्त्री चकती कोठेही असली तरी चालू असताना ७५० वॅटनेच तापते. चकती ठरवते ती थांबण्याची जागा, तापण्याचा वेग नव्हे. वेग वाढत नाही, शर्ट मात्र जळतो.

साध्या एसीचेही तसेच. २४ ऐवजी १६ अंश ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही. यंत्र २४ अंशांपाशी थांबायचे ते पुढेही चालत राहते आणि विजेचे बिल वाढते. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात तारांकित खोली-एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर ठरवून देण्याचा नियम झाला, तो याचसाठी.

पहारेकरी झोपला तर?

थर्मोस्टॅट हे यंत्रच आहे, तेव्हा ते बिघडू शकते. ठिणग्यांनी तापून संपर्कबिंदू कधीकधी एकमेकांना चिकटून बसतात. मग पट्टी कितीही वाकली तरी प्रवाह तुटत नाही. गिझरमध्ये असे झाले, तर बंद टाकीतील पाणी उकळबिंदूच्याही वर तापून दाब धोकादायक होऊ शकतो. म्हणून गिझरला दुसरा पहारेकरी दिलेला असतो. तापमान भलतेच वाढले की हा दुसरा खटका पडतो. बहुतेक गिझरांत तो आपोआप परत जोडला जात नाही. दोष शोधून, मगच हाताने दाबावा लागतो. त्याखेरीज दाब सोडणारी झडपही असते. खटका सारखा पडतो म्हणून त्याच्या जागी तारेचा तुकडा जोडून 'काम भागवणे' म्हणजे जाग्या पहारेकऱ्याला घरी पाठवणे होय. असे कधीही करू देऊ नका.

आणि आता पुन्हा आपल्या इस्त्रीकडे वळू. दिवा विझला म्हणजे इस्त्री बंद झाली, असे समजून कित्येक जण ती तशीच सोडून जातात. आता तुम्हाला ठाऊक आहे की पहारेकरी फक्त थोडा वेळ थांबला आहे. तळ निवला की तो पुन्हा प्रवाह जोडणार, तुम्ही खोलीत असा वा नसा. तेव्हा दिवा पेटलेला असो की विझलेला, उठताना भिंतीवरचे बटण बंद करायचे आणि पिन काढून ठेवायची. हे काम थर्मोस्टॅटचे नाही, तुमचे आहे.

करून पहा

१. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा (फॉइल) साध्या कागदाला डिंकाने सपाट चिकटवा. एक दिवस वाळू द्या. त्यातून १२ सेंटिमीटर लांब व १ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. तिचे एक टोक चिमट्यात धरा, फॉइलची बाजू खाली ठेवा आणि मेणबत्तीच्या ज्योतीपासून चांगली उंच आडवी धरा. मोकळे टोक वर वळेल. दूर नेल्यावर ते बरेचसे परत येते. (उष्णतेने कागदातला ओलावा जाऊन तो किंचित आकसतो, त्याचाही वळण्याला हातभार लागतो.) हा प्रयोग शिक्षकांच्या किंवा घरातील मोठ्या माणसांच्या देखतच करा.

२. मोठ्या माणसांना सोबत घेऊन इस्त्री चालू करा आणि ती उभी ठेवा. पहिल्यांदा दिवा विझल्यानंतर पुढील पाच फेऱ्यांत तो किती सेकंद पेटतो आणि किती सेकंद विझतो, हे घड्याळ लावून लिहा. समजा, तो ३० सेकंद पेटला आणि ९० सेकंद विझला, तर इस्त्री एक-चतुर्थांश वेळच वीज घेते. म्हणजे ७५० वॅटच्या इस्त्रीची सरासरी झाली सुमारे १९० वॅट. मग ओलसर सुती कापडावर इस्त्री करताना हीच नोंद पुन्हा घ्या. काय फरक पडला? का?

विचार करून सांगा

१. पहिल्या प्रयोगात फॉइल वरच्या बाजूला ठेवले तर टोक कोणीकडे वळेल? (उत्तर नीट काढलेत, तर हे मेणबत्तीवर का करून पाहू नये, तेही तुम्हाला कळेल.)

२. दोन्ही पट्ट्या पितळेच्याच असत्या तर इस्त्रीचे काय झाले असते?

३. फ्रिजच्या बारीक नळीतील वायू गळून गेला, तर फ्रिज सतत चालू राहील की चालूच होणार नाही?